चार आणि नऊ नंबरचे अर्ज

४ फेब्रुवारी, मंगळवार

अकराच्या सुमारास टपालाने जाड पाकीट आलं. इतकं जाड पाकीट माझ्या घरी शेवटचं आलं होतं ते निवृत्तीच्या कागदांचं. हे मात्र कशाच्या तरी सुरुवातीचं निघालं, म्हणून ही वही पुन्हा उघडली.

एक मोठा निधी आहे. स्वमग्नतेवर संशोधन करणाऱ्या विद्यापीठांना तो पैसे देतो. अट अशी की दोन विद्यापीठांनी मिळून काम करायचं. एकट्यादुकट्याला दाणाही नाही. आलेले अर्ज तीन जणांनी वाचायचे आणि गुण द्यायचे. तिघांतली एक जागा ‘स्वमग्न व्यक्ती किंवा तिचे कुटुंबीय’ यांच्यासाठी राखलेली आहे, आणि या वर्षी ती आपल्या घराला देऊ केली आहे.

पाकिटावर नाव मुंगीचं होतं. मुंगी म्हणजे माझी नात, चोवीस वर्षांची. लहानपणी भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून मुंगी. सूनबाईने मागे एका केंद्रात तिचं नाव नोंदवलं होतं, तिथून हे आलं असणार. पण गुण द्यायचे म्हटल्यावर पत्र खरं कुणासाठी आहे हे सांगायला नको. चौतीस वर्षं नववी-दहावीला भाषा शिकवली. तपासलेल्या उत्तरपत्रिका एकावर एक रचल्या तर आमच्या गच्चीवरून हात लावता येईल.

सूनबाईने विचारलं, “बाबा, पत्र मुंगीला आलंय ना?”

मी म्हटलं, अगं, तिला कशाला ताप. मुंगी समोरच बसली होती. सूनबाई ‘बरं’ म्हणाली. या बाईच्या ‘बरं’चा अर्थ लावायला मला सव्वीस वर्षांत जमलेलं नाही, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे चिरंजीव, बारा महिन्यांतले नऊ बोटीवर असल्यामुळे त्यालाही विचारता येत नाही.

होकाराचं पत्र जेवणाआधीच लिहून टाकलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज आले. सहा आहेत, एकूण नंबर नऊपर्यंत असले तरी मधले तीन कुठल्याशा कागदाअभावी आधीच बाद झालेत. सोबत पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका, सेहेचाळीस पानांची. प्रस्तावना वाचली. ‘ज्ञानाचे प्रवाह एकमेकांस मिळावेत’ असं एक वाक्य बरं जमलंय. पुढे सगळे नियम आहेत. ते कसले वाचायचे? नियम सांगण्यातच जन्म गेला.

लाल शाईची नवी दौत आणली. सगळे अर्ज छापील आहेत, एकाचंही अक्षर बघायला मिळणार नाही, याचं वाईट वाटलं. अक्षरावरून मला पोरगं कसं आहे ते कळायचं.

हे काम मला मनापासून नीट करायचं आहे. मुंगी पाच महिने घरी आहे. औषधांच्या दुकानात होती. मुदत संपलेल्या गोळ्या-बाटल्या शोधून बाजूला काढायची. मालक म्हणायचा, हिच्या नजरेतून एक बाटली सुटत नाही. मग एके दिवशी आली आणि म्हणाली, उद्यापासून जाणार नाही. मालकाने दाराला घंटी बसवली होती, गिऱ्हाईक आलं की किंचाळायची. तेच कारण असणार. ही तिसरी नोकरी. मी पंचाहत्तरीचा, सूनबाई पन्नाशीची. हिशोब कुणालाही करता येतो. या अर्जांपैकी एखाद्यातून तिच्यासारख्यांच्या उपयोगाचं काही निघालं तर मी निदान डोळे मिटताना शांत असेन.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिला कविता म्हणून दाखवली, जुन्या सहावीच्या पुस्तकातली, नदीवरची. दुसऱ्या कडव्याला ती उठून आत गेली. रोजच जाते. करुण रस काहींना सोसत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगीला आज ‘स्वमग्न’ या शब्दाचं सौंदर्य उलगडून सांगितलं. स्वतःत बुडालेला, सायंकाळच्या तळ्यासारखा, वाऱ्याचाही तरंग नसलेला. ऐकून म्हणाली, “मी स्वतःत मग्न नसते. मी पंख्याचा आवाज ऐकत असते. ऑटिझम म्हणा.”

म्हणतो आता. पण कुठल्याही वृत्तात बसत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडले!

चार नंबरचा अर्ज परवा वाचायला घेतला होता. शाळा संपवून मोठी झालेली ऑटिझमची माणसं नोकरीत का टिकत नाहीत, आणि दुकानं-कचेऱ्यांनी काय बदललं तर टिकतील, असा विषय. भाषा साधी, स्वच्छ. पहिल्या भागाच्या शेवटी समासात ‘छान’ लिहिलं होतं.

आज नऊ नंबर उघडला. दुसऱ्या परिच्छेदाला वाटलं, हे मी कुठेतरी वाचलंय. तिसऱ्याला कान टवकारले. चार नंबर शेजारी ठेवला. बारा पानं, शब्दाला शब्द. एक तक्ता आडवा छापलाय, तो दोन्हीकडे आडवा. विद्यापीठं दोन, गावं दोन, खाली सह्या दोन वेगळ्या प्राध्यापकांच्या, आणि मजकूर एक. इतकी शिकलेली माणसं, आणि नक्कल करताना चार शब्द इकडचे तिकडे करण्याचीही तसदी नाही. माझ्या नववीतली मुलं यांच्यापेक्षा हुशार होती.

‘छान’ खोडलं. दोघांनाही शून्य दिलं आणि लाल शाईने ‘नक्कल’ लिहिलं. दुसरा भाग वाचला नाही. चोर सापडल्यावर त्याची पिशवी कोण आवरत बसतो.

मला त्या दोघी आठवल्या. एका बाकावरच्या. निबंध अगदी सारखा. रडत होत्या, सर, आम्ही मिळून पाठ केला. मी म्हटलं होतं, मिळून शून्य घ्या. आज पन्नाशीला आल्या असतील. कुठे आहेत कोण जाणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी जेवताना ही हकिकत सांगितली, विद्यापीठांची नावं आणि विषय वगळून, कारण सगळं गोपनीय आहे. सूनबाई हसली. मुंगीने विचारलं, सगळं सारखं होतं की फक्त पहिला भाग? मी त्या वेळी आडव्या तक्त्यापाशी आलो होतो, म्हणजे अगदी रंगात. म्हटलं, “नंतर सांग, आधी ऐक.”

तिने शेवटपर्यंत ऐकलं. श्रोता असावा तर असा.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझ्या टेबलावर ती पिवळी पुस्तिका कुणीतरी उघडून ठेवली होती, पान एकतीस, वर पट्टी. मुंगीच असणार. तिला मुखपृष्ठाचा रंग आवडलेला दिसतो. बंद करून फडताळात ठेवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तिका पुन्हा टेबलावर, पुन्हा उघडी. या खेपेला उपयोग झाला. गुणांचं पाकीट तिच्यावर ठेवून डिंक लावला, टेबल खराब झालं नाही. पानाला थोडा लागला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाकीट स्वतः जाऊन टपालात टाकलं. येताना ऊर भरून आला होता. वाटेतल्या बाकावर टेकलो. पूर्वी परीक्षेचा निकाल लागला की मी असाच शाळेमागच्या चिंचेखाली बसायचो आणि मनातल्या मनात एखादी कविता म्हणायचो. आज दोन ओळी स्वतःच्याच सुचल्या:

न्यायाची तराजू हाती, डोळ्यांवर ना पट्टी
लबाडीशी जन्मभराची आमुची हो कट्टी

घरी आलो तर पुस्तिका उघडीच. बंद केली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

निधीच्या सचिवाचं पत्र. हा सचिव तरुण आहे, पहिलंच वर्ष, अक्षर मात्र सहीतही गचाळ. कळवलंय की एका जरी वाचकाने शून्य दिलं तर तो अर्ज पुढे जात नाही, त्यामुळे चार आणि नऊ तूर्त बाद झाले आहेत आणि तसं त्या विद्यापीठांना कळवलं आहे. बाकीच्या दोन्ही वाचकांनी त्यांना ऐंशीच्या वर गुण दिले होते. माझा शेरा पाहून अध्यक्षबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत म्हणे. पाच मार्चच्या बैठकीआधी मी शेऱ्याचं लेखी स्पष्टीकरण द्यावं, ही विनंती.

दोन विद्वानांच्या नजरेतून सुटलं ते एका शाळामास्तराने पकडलं; माणूस गप्प होणारच. स्पष्टीकरण म्हणजे छोटेखानी निबंधच लिहावा असं ठरवलं. शीर्षक: ‘चौर्य आणि शिक्षण’. सुरुवातीला त्या दोन ओळी घालता येतील. चार पानं झाली आहेत, अजून विषयाला हात लावलेला नाही.

पुस्तिका आजही उघडी होती. पालथ्या घड्यावर पाणी. कितीदा बंद करायची?

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज अक्षर चांगलं येणार नाही.

सकाळी निबंधाचं सतरावं पान चालू होतं. मुंगी दारात येऊन उभी राहिली.

“आजोबा, नंतर झालं का?”

“काय नंतर?”

“तुम्ही पंधरा तारखेला म्हणालात, नंतर सांग. मी पान उघडून ठेवलं. तुम्ही बंद केलंत. तीन वेळा. एकदा डिंक लावलात.”

मग तिने पान एकतीस वाचून दाखवलं. डिंकामुळे एक कोपरा फाटला होता, तो मजकूर तिला पाठ होता. दोन विद्यापीठांपैकी एकाने पुढाकार घेऊन दोघांच्या वतीने एकच अर्ज करावा. तसं जमत नसेल तर दोघांनी जोड-अर्ज करावेत, आपापल्या सहीने. जोड-अर्जांत पहिला भाग, म्हणजे सगळी योजना, शब्दशः एकच असली पाहिजे. एका शब्दाचाही फरक आढळल्यास दोन्ही बाद. दुसऱ्या भागात ज्याने त्याने आपलं काम मांडावं.

बाकी चार अर्ज एकेकाने केलेले. या दोघांनीच जोड-अर्ज केला होता. कुठल्याच विद्यापीठाला दुसऱ्याच्या मागे बसायचं नसणार, विहिणींसारखं. आणि नियमाने जे करायलाच हवं होतं तेच केल्याबद्दल मी त्यांना शून्य दिलं.

मी तिला विचारलं, अगं, मग पाकीट टाकायला निघालो तेव्हा ओरडली का नाहीस? म्हणाली, ओरडलेलं तिला आवडत नाही. आणि ज्याअर्थी विषय निघालाच आहे त्याअर्थी, कवितासुद्धा मी फार मोठ्याने म्हणतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत ती सहन करते.

करुण रसाचं मी इथे लिहिलं होतं. खोडत नाही. असू दे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर काही खाल्लं नाही. सूनबाईने भात लावून समोर ठेवला आणि म्हणाली, बाबा, चूक झाली तर झाली, चूक काय उपाशी माणसाला माफ करते?

खरं लिहायचं तर पहिला विचार मोतीबिंदूचा आला. डोळ्यांना दिसलं नाही, असं कळवावं. म्हातारपणी मोतीबिंदू फार कामाला येतो. दुसरा विचार, निबंध तसाच पाठवावा. सतरा पानं कोण वाचतंय. तिसरा, मूग गिळून बसावं. अजून कुणाला काही माहीत नाही. माहीत आहे ते सूनबाईला आणि मुंगीला, आणि मुंगी कुणी विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खरंच सांगेल, हेही तितकंच पक्कं.

दुपारी अर्ज पुन्हा काढले. मोठी झालेली माणसं नोकरीत का टिकत नाहीत. हे वाक्य मी चौदा तारखेलाही वाचलं होतं. सहा अर्जांत बाकी चारही विषय लहान मुलांचे किंवा मेंदूच्या तपासण्यांचे. आत बसलेल्या मुलीच्या वयाच्या माणसांसाठी होता तो हा एकच, आणि तो मी नक्कल सापडल्याच्या आनंदात फाडून टाकल्यासारखा केला. चौतीस वर्षांत मी कुणाची उत्तरपत्रिका अर्धी वाचून गुण दिले नव्हते. की दिले होते?

उद्या स्वतः जातो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगी म्हणाली, मीही येते. पुस्तिका तिच्याजवळ होती.

निधीची कचेरी चौथ्या मजल्यावर. काचेचं लांब टेबल, फिरत्या खुर्च्या, पाण्याच्या लहान लहान बाटल्या, आणि वर एक ट्यूबलाइट जी मला मुकी वाटली. पण मुंगीने आल्या आल्या मान खाली घातली. अध्यक्षबाई म्हणजे तिघांतल्याच एक वाचक, मुलांच्या निवृत्त डॉक्टर, केस बारीक कापलेले, बोलणं औषधाच्या चिठ्ठीसारखं तुटक. त्यांना मी सतरा पानांऐवजी दोन ओळींचा कागद दिला. ‘चूक माझी आहे. पुस्तिका वाचली नव्हती.’

त्या म्हणाल्या, “सर, मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी लांबलचक आणाल.”

मी म्हटलं, होतं, घरी ठेवलं. सचिव खोकल्यासारखं काहीतरी करून खाली पाहू लागला.

दोन्ही विद्यापीठांना पुन्हा विचारात घेत असल्याचं कळवता येईल, असं बाई म्हणाल्या. पण त्या राखीव जागेवरून गुण नव्याने आले पाहिजेत, आणि एकदा शून्य दिलेल्या वाचकाला तेच अर्ज परत देता येत नाहीत. मग त्या जागेवर कोण? सचिवाने फाइल चाळली. चाळता चाळता थांबला. बोलावणं मुळात कुणाच्या नावाने गेलं होतं ते त्याने वाचून दाखवलं. नंतर माझं होकाराचं पत्र वाचलं, त्यात मी ‘आमच्या घराच्या वतीने’ असं सुरेख लिहिलं होतं.

अध्यक्षबाईंनी खुर्ची माझ्यापासून मुंगीकडे वळवली. “तुम्ही वाचाल का?”

मुंगीने उत्तराआधी विचारलं: हा दिवा बंद होतो का, बैठकीत एका वेळी किती जण बोलतात, आणि मध्येच उठून बाहेर गेलं तर चालेल का. बाईंनी तिन्ही प्रश्न लिहून घेतले. सचिवाने उठून दिवा बंद केला आणि खिडकीचा पडदा सरकवला. मी तोंड उघडलं होतं, ‘तिला जरा वेळ लागतो’ असं सांगायला. पण तोवर ती हो म्हणाली होती.

२ मार्च, रविवार

मुंगी तीन दिवस त्या दोन अर्जांवर आहे. फडताळाला कुलूप आहे. किल्ली तिच्याकडे. फडताळ माझं.

काल चहा नेऊन देण्याच्या मिषाने डोकावलो तर तिने कागदांवर टॉवेल टाकला. म्हटलं, अगं, मी वाचलेत ते. म्हणाली, अर्धेच वाचलेत. उरलेले गोपनीय आहेत.

आज धीर करून सांगितलं, बाळ, त्यांच्यावर माझ्याकडून अन्याय झालाय, जरा सढळ हाताने गुण दे. नव्वद तरी.

“तुमची चूक माझ्या गुणांत कशी येईल?”

सूनबाई स्वयंपाकघरात मोठ्याने भांडी घासायला लागली. ती हसायला लागली की असंच करते.

५ मार्च, बुधवार

बैठक झाली. मी सोबत गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. पूर्वी मुलांना वर्गाबाहेर उभं करायचो. बाहेरचं जग इतकं कंटाळवाणं असतं हे माहीत नव्हतं. समोरच्या भिंतीवर आग लागल्यास काय करावं याची सूचना होती, ती अकरा वेळा वाचली.

आतून आवाज येत होते पण शब्द कळत नव्हते. एकदा मुंगी बाहेर आली, पाच मिनिटं भिंतीच्या कडेने इकडून तिकडे चालली, माझ्याशी एक शब्द न बोलता परत आत गेली. एकदा तिसरे वाचक, मेंदूचे प्राध्यापक, चष्मा पुसत आले. दिवा बंद असल्यामुळे त्यांना खिडकीजवळ बसून वाचावं लागत होतं आणि डोळे दुखत होते. मला म्हणाले, एका दिव्याने माणसाचं काम असं अडतं बघा. आणि स्वतःच्याच बोलण्यावर थांबून आत गेले.

दोन तासांनी सगळे उठले. गुण आता तिघांसमोर वाचून झाले होते, म्हणून मुंगीने सांगितले. अठ्ठावन्न.

मी म्हटलं, अगं, फक्त अठ्ठावन्न? ते दोघे ऐंशीच्या वर देऊन बसलेत. हा एकच अर्ज तुमच्यासाठी होता.

ती म्हणाली, काम चांगलं आहे. चाळीस जणांना विचारलंय, नोकरी का सोडलीत. पण दुकानांत काय बदलायचं ते त्यांनी स्वतःच ठरवलंय. आम्हाला दाखवणार तिसऱ्या वर्षी. प्राध्यापक म्हणाले, संशोधन असंच होतं. ती म्हणाली, मग अठ्ठावन्नच होतात. अर्धा तास याच्यावर गेला.

पैसे मिळणार की नाही ते आता पंधरा दिवसांनी कळणार. परत येताना मी मनातल्या मनात सरासरी काढत होतो. काठावर आहे.

१२ मार्च, बुधवार

काही नाही. टपालवाल्याला उगाच चहा विचारला. तो घाबरला.

२० मार्च, गुरुवार

पत्र आलं. पाकिटावर नाव मुंगीचं. मी ते उचललं, तिच्या टेबलावर ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. कुंड्यांना सकाळी पाणी घातलेलं होतं, तरी पुन्हा घातलं.

तिने पूर्ण वाचून मग सांगितलं. चार आणि नऊ मंजूर, एका अटीवर: दुकानांत काय बदलायचं हे पहिल्या महिन्यापासून ऑटिझमच्या माणसांबरोबर बसून ठरवायचं. त्यासाठी पहिला भाग दोघांनी पुन्हा लिहायचा. अर्थात शब्दशः सारखा.

सूनबाई रडली. मी रडलो नाही, डोळ्यांत मोतीबिंदूचं पाणी आलं असेल.

मग मुंगीने फडताळाचं कुलूप काढलं. निकाल लागल्यावर वाचकाच्या घरच्यांना अर्ज वाचता येतो, पान चव्वेचाळीस.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळपासून नऊ नंबरचा दुसरा भाग वाचला. तेवीस पानं. नोकरी सोडलेल्या त्या चाळीस जणांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत दिली आहेत. मी पेन हातात घेतलं नव्हतं.

मला वाटलं होतं घंट्या, दिवे, गर्दी असं असेल. ते आहेच. पण एकाने लिहिलंय, मला कामाची वेळ रोज वेगळी सांगत. एकीने लिहिलंय, चांगलं काम केलं की सगळे टाळ्या वाजवत, लहान मुलीसाठी वाजवतात तशा. तिचं वय एकेचाळीस. एकाने फक्त एवढंच लिहिलंय, कुणी विचारलं नाही.

या ओळीशी मी बराच वेळ थांबलो. मग उठून मुंगीच्या खोलीत गेलो. ती खिडकीत बसून जुन्या औषधांची माहितीपत्रकं तारखेप्रमाणे लावत होती. मी विचारलं, “दुकान का सोडलंस ग?”

सहा महिने होऊन गेले, आणि हा प्रश्न या घरात पहिल्यांदाच विचारला गेला, हे मला विचारल्यानंतर कळलं.

तिने माहितीपत्रक खाली ठेवलं. “मालक मला काही सांगायचे नाहीत. आईला फोन करायचे. मी तिथेच उभी असायचे.”

“आणि घंटी?”

“घंटीची सवय झाली होती.”

मी खाटेच्या कडेवर बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण एवढ्या वर्षांत पाठ केलेल्या शेकडो ओळींतली एकही तिथे चालण्यासारखी नव्हती. तिने परत पत्रकं लावायला घेतली. मी गप्प बसून राहिलो आणि तिने मला बसू दिलं.

त्याच वेळी बाहेर फोन वाजला. मी उचलला. चार नंबरच्या विद्यापीठातून एक बाई बोलत होत्या, आवाज गोड, घाई बरीच. पहिला भाग नव्याने लिहायचा आहे, त्यासाठी पहिल्या बैठकीपासून तुमच्या नातीने यावं अशी दोन्ही विद्यापीठांची इच्छा आहे, पगारी काम आहे, तर त्याबद्दल घरातल्या कुणा मोठ्या माणसाशी बोलता येईल का?

मोठं माणूस म्हणून माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. तिला काय झेपेल, काय झेपणार नाही, येण्या-जाण्याचं कसं, जेवणाचं कसं.

म्हटलं, “घरातली सगळीच मोठी आहेत. तुमचं काम जिच्याकडे आहे तिला देतो.”

मुंगीने फोन घेतला. कानाशी धरण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाली, “आजोबा, दार लावून घ्या.”

मी लावून घेतलं. दोघांमध्ये दार आल्यावर लक्षात आलं की मी बाहेर आहे. सूनबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिने भुवया उंचावल्या. मी बोट ओठांवर ठेवलं. दोघंही तिथेच उभे राहिलो, कान देऊन, चोरांसारखे, आणि मग एकदमच दोघांना लाज वाटून ती आत गेली आणि मी इथे येऊन वही उघडली.

बोलणं वीस मिनिटं चाललं. काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून इथे लिहिता येत नाही.